कॅप्टन वहिनी

माझा दीर गेला त्याला आता वर्ष होईल. घरात त्याचा विषय निघाला की सगळे त्याच्या नोकरीचं बोलतात, त्याच्या हट्टीपणाचं बोलतात आणि शेवटी खर्ऱ्यावर येऊन थांबतात. मी त्यात फारशी पडत नाही. बाकीच्यांना त्याचा चेहरा आठवत असेल, मला त्याचा आवाज आठवतो. किती तरी रविवार मी त्या आवाजाला हुकूम सोडले, आणि तो आवाज माझ्या कानात हळूहळू बंद झाला.

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मी पंचेचाळिशीची बाई, कचेरीत कारकून, राहायला नागपुरात, हुडकेश्वरला. आणि मोबाइलवर बंदुकीचा खेळ खेळणाऱ्या चार जणांच्या टीमची मी कॅप्टन होते. माझा नवरा हिंगण्याच्या कंपनीच्या बसमधून उतरून घरात पाय ठेवायचा तर मी पलंगावर बसून ओरडत असायची, "मागच्या खिडकीतून ये, दारातून नको!" सुरुवातीला तो दचकायचा. पुढे पुढे नुसते बूट काढून चहा टाकायला जायचा.

खेळ समजायला सोपा आहे. विमानातून छत्रीनं एका बेटावर उतरायचं, रिकाम्या घरांत शिरून बंदुका आणि औषधं शोधायची, आणि दुसऱ्या टीमनं आपल्याला मारायच्या आधी त्यांना मारायचं. खेळायची जागा हळूहळू लहान होत जाते, म्हणून लपून बसूनही भागत नाही. शेवटी उरेल ती टीम जिंकली. चौघं आपापल्या घरी, पण कानात इयरफोन, त्यामुळे बोलणं अगदी शेजारी बसल्यासारखं ऐकू येतं.

आमच्या चौघांत मी, वर्ध्याला दिलेली माझी नणंद, खापरखेड्याच्या वीज केंद्रात काम करणारा माझा दीर आणि त्याच्याच पाळीतला एक सोबती. हा सोबती बिचारा "हो ताई" आणि "नाही ताई" याच्यापुढे कधी गेला नाही. लॉकडाऊनमध्ये दिराला चौथा माणूस मिळेना म्हणून त्यानं मला ओढलं. मला वाटलं, दोन दिवस खेळू आणि सोडू. पण हे तिघं असे काही खेळत होते की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एक उत्तरेला, एक दक्षिणेला, एक गाडी घेऊन फिरायला गेलेला. कचेरीत अशी माणसं पाहून पाहून माझं आयुष्य गेलेलं. एका रविवारी मी सरळ सांगितलं की आता कोणी जागचं हलायचं नाही, मी सांगीन तेव्हाच उठायचं. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा जिंकलो, आणि दिरानं जाहीर केलं की आजपासून वहिनी कॅप्टन.

आता एक अडचण होती. आमच्या घरात दिराला भाऊजी म्हणायचं आणि तुम्ही म्हणायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत हाफपँट घालून जात होता, तरी भाऊजीच. सासूबाईंची शिस्त होती ती. त्यामुळे खेळतानाही मी म्हणायची, "भाऊजी, तुम्ही जरा त्या झाडाच्या मागे पाहता का?" तोवर झाडामागच्यानं त्याला आडवा केलेला असायचा. असं चार-पाचदा झाल्यावर तो म्हणाला, "वहिनी, गेममधी मले सीधं तू म्हणत जा. तुम्ही इज्जत देऊन राहिल्या अन् मी इकडं मरून राहिलो."

तेव्हापासून खेळात तू आणि घरात तुम्ही. सणावाराला सगळे जमले की मी डोक्यावरचा पदर सावरून "भाऊजी, आणखी भात वाढू का?" विचारायची, आणि तो हळूच म्हणायचा, "हो कॅप्टन." माझी जाऊ, म्हणजे त्याची बायको, वाढता वाढता आमच्याकडे पाहायची. तिला या खेळात गोडी नव्हती. तिचं म्हणणं, घरात कामं कमी आहेत का.

दीर खेळायचा कसा, तर समोर घर दिसलं की घुसायचा. आत किती माणसं आहेत, काही पाहणं नाही. या खेळात गोळी लागली की माणूस लगेच मरत नाही, गुडघ्यावर पडतो, आणि सोबत्यानं जवळ जाऊन उचललं तर पुन्हा उभा राहतो. पण उचलायला जाणाराही मरू शकतो. तेव्हा पडलेल्याला उचलायला जायचं की त्याला तिथंच सोडायचं, हे कॅप्टननं ठरवायचं असतं. नणंद अशा वेळी रडकुंडीला यायची. मी मात्र कधी "जा" म्हणायची, कधी "सोड त्याला" म्हणायची. आणि गंमत पहा, जन्मात कोणाचं न ऐकणारा हा माणूस, आई ओरडली तरी ढिम्म, भाऊ ओरडला तरी ढिम्म, तो माझ्या शब्दापुढे जात नसे. सोड म्हटलं की "ठीक आहे वहिनी, राहू द्या" म्हणून पडल्या पडल्या आम्हाला शत्रू कुठं आहेत ते सांगत बसायचा. मला त्याचं तेवढं फार आवडायचं.

आता खर्रा. नागपुरात हे सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेल्यावर घोट घोट घोटतात आणि तो गालात धरून माणसं दिवस काढतात. आमच्याकडे खर्रा खाणाऱ्याचं बोलणं सगळ्यांनाच ओळखू येतं. तोंड वर करून, ओठ मिटून, घशातून बोलतात. दीर तसंच बोलायचा. लढाईच्या ऐन वेळी ते गुळगुळ बोलणं कोणाला कळणार, म्हणून मी नियम केला की मॅच सुरू व्हायच्या आधी तोंड रिकामं पाहिजे. मी विचारायची, ते एकेक करून हो म्हणायचे. नणंद मुद्दाम सांगायची की माझ्या तोंडात भात आहे, चालेल का.

मग एक काळ असा आला की तो थुंकून आलो म्हणायचा आणि तरी बोलणं तसंच. जाड, ओलं, चिकट. मी रागवायची. तो मुलांची शपथ घ्यायचा. नणंदेचं म्हणणं, खापरखेड्याचं नेटवर्कच भंगार आहे. सोबती म्हणाला, इयरफोन जुना झाला असेल, ताई. सगळ्यांना ते पटलं. आम्ही तिघांनी मिळून त्याच्या वाढदिवसाला चांगल्यातला इयरफोन पाठवला. तो हरखून गेला, फोटो काढून पाठवला. त्या रविवारी आम्ही खेळायला बसलो, आणि तोंडात काहीतरी असल्यासारखं त्याचं बोलणं आता अगदी स्वच्छ ऐकू आलं.

दुसऱ्या कोणत्या गावात अशा आवाजावर कोणी तरी विचारलं असतं की बाबा, तुला झालं काय. आम्ही नागपूरची माणसं. जाड आवाज म्हणजे खर्रा, एवढंच आम्हाला ठाऊक. शिवाय आम्ही त्याला पाहत कुठं होतो, नुसतं ऐकत होतो.

पाहत होती ती एकटी माझी जाऊ. त्या वर्षी महालक्ष्म्यांना सगळे आमच्याकडे जेवायला होते. पंगत उठल्यावर मी भांडी गोळा करत होते तर ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, ताई, तुम्ही पाहिलं नाही का, पुरणपोळी दुधात कुस्करून खाल्ली त्यायनं. घरी तर गोड वरण आणि मऊ भात, बस. तर्री तर केव्हाची बंद, तोंडात आग होते म्हणतात. घास जाण्याइतकं तोंड उघडत नाही. विचारलं तर दाढ दुखते म्हणतात. ती सहा महिन्यांपासून सांगत होती. त्याला, सासूबाईंना, माझ्या नवऱ्याला. सगळ्यांनी "दाखवू, दाखवू" म्हणून सोडून दिलं होतं.

"मी सांगून थकली, ताई," ती म्हणाली. "तुमचं ऐकतात. तुम्ही सांगून पाहा."

पुढच्या रविवारी मॅच सुरू व्हायच्या आधी मी सांगितलं की उद्या डॉक्टरकडे जायचं, नाही गेलास तर माझ्या टीममध्ये तुला जागा नाही. तो हसला. आणि खरंच दुसऱ्या दिवशी गेला. बायकोनं अर्धं वर्ष जीव तोडून सांगितलं ते त्यानं माझ्या एका वाक्यावर केलं. मला तेव्हा, खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानच वाटला होता.

डॉक्टरनं म्हणे बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. तीन जायला पाहिजेत, एक जेमतेम गेलं. जिभेच्या कडेला गाठ होती. मग तपासण्या, मग नागपुरातल्या मोठ्या दवाखान्यात फेऱ्या. शेवटी ठरलं की जीभ बरीचशी काढायची, जबड्याचं हाडही काढायचं. बोलणं जाईल, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी तोच म्हणाला की खेळू. माझा दुसरा एक नियम होता, कामाचं तेवढंच बोलायचं. त्या दिवशी तो मोडला त्यानं. तो बोलतच सुटला. कॉलनीतल्या कुत्रीला पिल्लं झाली, साहेबानं कोणाला कसं झापलं, त्याच्या मुलीनं गणितात काय दिवे लावले, राखेची धूळ वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते म्हणून बायको रोज केंद्राच्या चिमणीला शिव्या देते. निम्मं कळत होतं, निम्मं नाही. शत्रू समोर आले तरी हा पिल्लांच्या रंगांवरच. मी एकदाही चूप म्हटलं नाही. नणंद रडत होती, तिनं माइक बंद करून घेतला होता पण मला ठाऊक होतं. आम्ही लवकरच मेलो. मग कोणीच बाहेर पडेना, मेलेल्या स्क्रीनवर तसेच बसून राहिलो, तो बोलत होता तोवर.

दवाखान्यातून आल्यावर महिना-दीड महिन्यानं तो पुन्हा खेळायला आला. नळीतून जेवण, मानेवर हा एवढा टाक्यांचा रस्ता, पण खेळायला आला. कानात त्याचा श्वास तेवढा ऐकू यायचा. शेवटी मीच म्हटलं की असं मुक्यासारखं चालणार नाही, नखानं माइकवर टिचकी मारत जा. एक टिचकी म्हणजे माणूस दिसला, दोन म्हणजे मी येतो, घासल्यासारखा आवाज म्हणजे मी पडलो. पोट्टा महिनाभरात त्यात पक्का झाला. नंतर नंतर तर त्याच्या टिचकीवरून मला कळायचं की हा चिडलाय की हसतोय. पूर्वीसारखा घुसायचाही नाही. थांबायचा, पाहायचा. आम्ही जिंकायला लागलो, आणि मी देवाला हात जोडून म्हटलं की बापा, एवढ्यावर भागव. बोलला नाही तरी चालेल.

नाही भागलं. पुढच्या वर्षी पाऊस संपता संपता मानेच्या दुसऱ्या बाजूला गाठ आली.

डॉक्टर म्हणाले, पुन्हा ऑपरेशन करता येईल. करून किती उपयोग होईल ते सांगता येत नाही. घरात सगळ्यांचं एकच, करायचंच. माझ्या नवऱ्यापुढे तर दुसरा शब्दच नको. तो म्हणे, माझ्या भावाला असं घरी बसून मरू देणार नाही मी. सासूबाई नवस बोलत होत्या. दीर सगळ्यांकडे पाहून मान हलवायचा, आणि ती मान हो होती की नाही होती, कोणाला कळत नव्हतं.

एका दुपारी मी एकटी खापरखेड्याला गेले. क्वार्टरच्या व्हरांड्यात खाटेवर तो उशीला टेकून बसला होता. जाऊ आत भाज्या उकडून नळीसाठी गाळत होती. मी इकडचं तिकडचं बोलले. त्यानं फोन उचलला, टाइप केलं आणि माझ्यासमोर धरला. लिहिलं होतं, "कॅप्टन, पुन्हा आत जाऊ का?"

पहिल्यांदा रागच आला. माझ्या डोक्यावर काहून टाकतोस बाबा हे? मोठा भाऊ आहे, आई आहे. मग मी त्याच्याकडे नीट पाहिलं. हातापायाच्या काड्या, नाकात नळी, गालाच्या जागी खड्डा. सगळं उतरून फक्त डोळे उरले होते, आणि ते माझ्यावर लागलेले. मी विचारलं, "तुला काय वाटतं?"

त्यानं पुसून पुन्हा लिहिलं, "मी तर नेहमीच घुसतो. तुम्ही सांगा."

खेळात मी किती तरी वेळा त्याला सोडून दिलं होतं. तिथं दुसरा डाव असायचा. इथं मी काय बोलणार होते त्याला दुसरा डाव नव्हता. हो म्हणणं फार सोपं होतं, हो म्हटलं असतं तर कोणी मला बोल लावला नसता. पण त्यानं मला लाडकी वहिनी म्हणून विचारलं नव्हतं.

"नको जाऊस," मी म्हटलं. "खूप झालं आता. इथंच राहा, पोरांजवळ."

त्यानं डोळे मिटले. त्याचे खांदे इतके खाली आले की मला कळलं, हा माणूस किती दिवसांपासून ते वर उचलून बसला होता. तेवढ्यात जाऊ चहा घेऊन बाहेर आली आणि आम्ही दोघांनी तोंडं सरळ केली.

दुसऱ्या दिवशी त्यानं घरच्यांना लिहून सांगितलं की ऑपरेशन करायचं नाही. घरात आकाशपाताळ एक झालं. माझा नवरा त्याच्याशी भांडला, एका मुक्या माणसाशी कोणी भांडावं तसा एकट्यानंच, आणि घरी येऊन न्हाणीघरात रडला. हे त्याच्या डोक्यात कोणी घातलं, असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. मी पोळ्या लाटत होते. सांगायला माझी जीभ रेटली नाही. जाऊ भाज्या गाळत राहिली, नळी धुत राहिली, त्याच्या पाठीला तेल लावत राहिली.

हिवाळा त्यानं घरी काढला. अंगणात उन्हात बसायचा. मुलीच्या वहीतली गणितं तपासायचा. आम्ही रविवारी खेळायचो, अर्धा डाव, पाव डाव, त्याला जमेल तेवढं. टिचक्या हलक्या होत गेल्या. ऊन तापायला लागलं तसा तो गेला, घरीच, बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून.

त्यानंतर आम्ही एकदाही खेळलो नाही. सोबत्यानं एकदा फोन केला होता, ताई, खेळायचं का म्हणून. मी नाही म्हटलं. तो बरं ताई म्हणाला आणि बराच वेळ फोन ठेवेना. मी खेळ फोनमधून काढून टाकला. रविवारची दुपार मला आता खायला उठते. दुःख सगळ्यांनाच आहे, पण त्याच्या भावाला भाऊ गेल्याचं दुःख सांगता येतं. मी कोणाला काय सांगू, माझा कोण गेला?

गेल्या महिन्यात जाऊ आमच्याकडे मुक्कामाला आली होती. तिला त्याच्या जागेवर नोकरी लागायची आहे, त्या कागदपत्रांसाठी. संध्याकाळी आम्ही दोघी स्वयंपाकघरात खाली बसून अंबाडीची भाजी निवडत होतो. घरात दुसरं कोणी नव्हतं. मान वर न करता ती म्हणाली, "ताई, ऑपरेशन करू नको, असं त्यायले तुम्हीच सांगितलं होतं ना?"

माझे हात थांबले. मी हो म्हटलं. त्या दुपारचं सगळं सांगितलं, त्यानं काय लिहिलं आणि मी काय बोलले. ती निवडत होती, पानं एकीकडे, देठं एकीकडे.

"बराबर सांगितलं तुम्ही," ती म्हणाली.

इतक्या महिन्यांत मला कोणी हे म्हटलं नव्हतं. माझ्या डोळ्यांना धारच लागली. मी तिचा हात धरायला गेले. तिनं धरू दिला, पण तिचा हात तसाच पडून होता माझ्या हातात, भाजीच्या मातीनं भरलेला.

"मीबी तेच सांगितलं असतं, ताई," ती म्हणाली. "रात-दिवस मीच तर पाहून राहिली होती त्यायले. पण मले नाही विचारलं त्यायनं. एका शब्दानं नाही विचारलं."